प्रत क्रमांक नसलेला कागद

मित्रांनो, सहामाही परीक्षेत तुमच्या हातात पडणारी प्रश्नपत्रिका नीट आठवा. अक्षरं थोडी पुसट, कागदाला शाईचा उग्र वास आणि कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा काळा ठसा. असा कागद माझ्यासारखीच्या पोटातून निघालेला असतो. मी एक जुनी सायक्लोस्टाईल मशीन आहे. पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी, माझी जागा आहे.

माझं काम सोपं आहे. मेण लावलेल्या पातळ कागदाला स्टेन्सिल म्हणतात. टाइपरायटरची फीत बाजूला करून त्यावर टाइप केलं की अक्षरांच्या जागचं मेण निघून जातं. ते स्टेन्सिल माझ्या नळकांड्यावर गुंडाळायचं आणि हँडल फिरवायचं. आतली शाई अक्षरांतून पाझरते आणि कागदावर उतरते. एक फेरा, एक प्रत. माझ्या उजव्या बाजूला चार आकडी काउंटर आहे. किती प्रती निघाल्या हे तो दाखवतो. माझी हकिगत शेवटी त्या काउंटरपाशीच येणार आहे, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला.

माझा जन्म १९६२ सालचा, कलकत्त्याच्या एका कारखान्यातला. लाकडी खोक्यात बसून मी मालगाडीने नगरच्या स्टेशनात उतरले आणि तिथून बैलगाडीने भिंगारला गेले. त्या बैलांचे खांदे कसे होते ते मी पाहिलं नाही. तेव्हा मला फक्त माझ्या नव्या रंगाची काळजी होती.

भिंगारला लष्कराच्या एका कार्यालयात मला टेबल मिळालं. पुढच्या वर्षी रंभाजी नावाचे एक मुलकी कारकून तिथे रुजू झाले. त्यांच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि दुसऱ्या खिशात कायम एक काडेपेटी. विडी ते ओढत नसत. काडेपेटी माझ्यासाठी होती.

त्या कार्यालयाचे तीन नियम होते. स्टेन्सिलवर सगळ्यात वर ‘गोपनीय’ असं टाइप करायचं. प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालून, घेणाऱ्याची सही घेऊन ती द्यायची. आणि छपाई संपली की स्टेन्सिल पत्र्याच्या डब्यात जाळून टाकायचं. हुकूम गवत कापण्याचा असो की पाण्याची टाकी धुण्याचा, नियम तेच. रंभाजींनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही नियम चुकवला नाही. माझ्या नळकांड्यावर डाग राहू दिला नाही, की रुळांना तेल द्यायला विसरले नाहीत. साहेब लोक येत, माझ्यावरून बोट फिरवत आणि बोट स्वच्छ निघालं की मान डोलावत. मला ती शाबासकी वाटे.

रंभाजींची मुलगी दीपा कधी कधी डबा घेऊन यायची. दारात उभी राहून विचारायची, “बाबा, ही मशीन काय छापते?”

“ते सांगायचं नसतं.”

“मग छापते कशाला?”

रंभाजींनी तिला डबा ठेवून घरी जायला सांगितलं.

१९९१ मध्ये कार्यालयात विजेवर चालणारं झेरॉक्सचं यंत्र आलं आणि मी मोडक्या पंख्यांच्या शेजारी लिलावाच्या ढिगात जाऊन पडले. त्याच वर्षी रंभाजी निवृत्त झाले. त्यांना हार मिळाला, मला गुलाबी खडूने लॉट नंबर. पण रंभाजी मला विसरले नव्हते. दीपा तोवर पाथर्डीला प्राणिशास्त्र शिकवू लागली होती आणि तिच्या कॉलेजात छपाईचं काहीच साधन नव्हतं. ग्रंथपाल कल्याण टेम्पो घेऊन लिलावाला आले आणि मला ताडपत्रीखाली बांधून घेऊन गेले.

कॉलेजात माझे दिवस मजेत गेले. प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची पत्रिका, सहलीचं वेळापत्रक. सगळ्यांनी वाचायचे कागद छापण्याचा अनुभव मला नवा होता. मुलं माझ्या तोंडातून निघालेला कागद ओला असतानाच ओढून घेत. सुरुवातीला मला त्यांची बेशिस्त खटकली. मग आवडू लागली.

आता मी तुम्हाला १९९४ सालाबद्दल सांगते.

दीपामॅडमनी तीन वर्षं एकच अभ्यास केला होता. आमच्या भागातून दरवर्षी हजारो माणसं ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर बैल जातात. मोळ्यांनी भरलेली गाडी ओढून बैलांच्या खांद्यांना जखमा होतात. त्या कशाने वाढतात आणि कशाने कमी होतात, हे मॅडमना शोधायचं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभरात बैल एवढा निवांत कधी उभा राहत नाही. मॅडमनी बोरदरा नावाच्या गावात तीन वर्षं तो दिवस साधला आणि शिंप्याची टेप घेऊन खांदे मोजले. चैत्रात टोळ्या परतल्या की पुन्हा मोजले. तीन वर्षांत मिळून चौसष्ट जोड्या.

त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. जू मऊ व्हावं म्हणून गाडीवान त्याला जुन्या टायरच्या ट्यूबचा पट्टा गुंडाळत. तो दिसायला छान, हाताला मऊ. पण रबराखाली घाम कोंडून कातडी सोलते. ट्यूब लावलेल्या एकतीस जोड्यांपैकी बावीस जोड्यांना जखमा होत्या. गोणपाट गुंडाळलेल्या तेहतीस जोड्यांपैकी फक्त आठ जोड्यांना.

मॅडमनी यावर इंग्रजीत चौदा पानांचा लेख लिहिला. दूरच्या शहरातून निघणाऱ्या एका मोठ्या शास्त्रीय नियतकालिकाने तो स्वीकारला. पत्र आलं त्या दिवशी कल्याणसरांनी ग्रंथालयात पेढे वाटले. हा लेख छापून आला की मॅडमच्या डॉक्टरेटची वाट मोकळी होणार होती. पत्राबरोबर सहीसाठी एक फॉर्म होता. लेखाचे सर्व हक्क नियतकालिकाकडे जातील आणि अंक निघेपर्यंत लेखातलं काहीही लेखिकेने छापून वाटू नये, असं त्यात लिहिलं होतं. अंक निघणार होता पुढच्या मार्चमध्ये.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात, बाजारच्या दिवशी, बोरदऱ्याच्या भीमाबाई ग्रंथालयात आल्या. त्यांचे यजमान कानिफनाथ एका टोळीचे मुकादम होते. त्यांचे पाखऱ्या आणि नंद्या हे बैल मॅडमच्या वहीत पहिल्या पानावर होते.

“काय म्याडम,” भीमाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “तीन वरसं आमच्या बैलान्ला टेप लावली. येवढ्यात शिंप्यानं त्यान्ला कोट शिवला असता. निगालं का काय त्यातून?”

“निघालंय, भीमाबाई. जूवरची ट्यूब काढा आणि गोणपाट लावा.”

“येवढंच? मग सांगा की समद्यान्ला.”

“छापून यायचंय अजून.”

“कवा?”

“मार्चमध्ये.”

“मार्चात आमी ऱ्हायच्या कोप्या मोडून घराकडं निगतो. खांदं फुटून गेल्यावर सांगनार व्हय?” मग त्या कल्याणसरांकडे वळल्या. “आन छापल्यावर तरी आमच्यात यील का त्यो कागद?”

“नाही येणार, मावशी,” कल्याणसर म्हणाले. “इंग्रजीत असतो. त्याची वर्गणी आपल्या कॉलेजला झेपत नाही. आपल्या अख्ख्या तालुक्यात तो अंक कुठंच येत नाही.”

“म्हंजी बैल आमचं आन आमालाच बंदी!”

“तुम्ही सांगा ना गावात,” मॅडम म्हणाल्या. “तोंडानं सांगायला कुणाची ना नाही.”

“माझं कोन ऐकतंय? मी घरात बोलले की आमचं मुकादम म्हनत्यात, बैलाचं तुला काय कळतंय. छापलेला कागद दावला तर गप बसत्याल.” भीमाबाईंनी पिशवी उचलली. “दिवाळीच्या आदी ट्रका यत्यात. तवर बगा.”

त्या गेल्यावर कल्याणसरांनी चहा मागवला, वहीतला एक कागद फाडला आणि माझ्याच टेबलावर ठेवून एकेक पर्याय लिहीत बोलू लागले. माझ्या शाईच्या नळीवर त्यांनी कप टेकवला होता. ते मला आवडलं नाही, पण बोलणं मी नीट ऐकलं.

“मॅडम, आहे त्या फॉर्मवर सही केली तर पंचवीस छापील प्रती मिळतात आणि विषय संपतो. दुसरीकडं एक नियतकालिक आहे, ते लेखकाकडूनच पानागणिक खर्च घेतं आणि अंक ग्रंथालयांना फुकट पाठवतं.”

“चौदा पानं आहेत माझी.”

“म्हणून तो पर्याय मी खोडला. नाहीतर आपलं कॉलेज स्वतःचं पत्रक काढू शकतं. लिहिणाऱ्यालाही फुकट, वाचणाऱ्यालाही फुकट.”

“आणि विद्यापीठ ते डॉक्टरेटला धरेल का?”

“नाही धरणार.” सरांनी चहा संपवला. “आता राहिलं एकच. लेख त्यांनाच द्यायचा, पण फॉर्मवर एक ओळ वाढवायची. माझ्या मूळ लिखाणाच्या प्रती मी विनामूल्य वाटेन, माझ्या भाषेत, आणि अंक निघायच्या आधी.”

“असं चालतं?”

“माहीत नाही. विचारून बघू.”

“आणि त्यांनी लेखच परत पाठवला तर?”

मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं. एका पारड्यात त्यांची डॉक्टरेट होती, दुसऱ्यात एका मोसमाचे खांदे. त्यांनी पेन मागितलं आणि संपादकांना पत्र लिहिलं. सही न केलेला फॉर्म, वर स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ. २० सप्टेंबरला ते पाकीट रजिस्टर पोस्टाने गेलं.

पुढचे दिवस अवघड होते. पोस्टमन दिसला की कल्याणसर उठून दारापर्यंत जायचे आणि बिलं घेऊन परतायचे. दसरा झाला. १७ ऑक्टोबरला उत्तर आलं. सरांनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने मराठीत सांगितलं. लेखिकेने आपल्या मूळ लिखाणाच्या प्रती विनामूल्य वाटण्यास हरकत नाही. पूर्ण लेख आमच्या अंकात येत आहे एवढा उल्लेख खाली असावा. शेवटी संपादकांनी हाताने लिहिलं होतं की अशी परवानगी आजवर कोणी मागितलीच नव्हती.

मॅडमनी त्या संध्याकाळी चौदा पानांची दोन पानं केली. एका पानावर साध्या मराठीत मजकूर, दुसऱ्यावर जूचं चित्र, गोणपाट कसं गुंडाळायचं त्याच्या पायऱ्यांसह. छापणार कोण, हा प्रश्नच नव्हता. रंभाजी दिवाळीपर्यंत लेकीकडे पाथर्डीला राहायला आले होते. दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात आले, माझ्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि कल्याणसरांना म्हणाले, “साहेब, मशीन आहे ही. लोणच्याची बरणी नाही. पुसत चला.”

मला गहिवरून आलं.

मॅडमनी टाइप केलेला मजकूर ओळ न् ओळ तपासला. चित्र त्यांनी स्वतः टोकदार लेखणीने स्टेन्सिलवर काढलं. २० तारखेला मॅडम डॉक्टरेटच्या मार्गदर्शकांना भेटायला पुण्याला गेल्या. रंभाजी छपाईला बसले. बसण्यापूर्वी त्यांनी मजकुराचं स्टेन्सिल पुन्हा टाइपरायटरवर चढवलं आणि वरच्या मोकळ्या जागेत एक शब्द टाइप केला. तो शब्द तुम्ही ओळखला असेल.

कल्याणसरांनी पहिली प्रत उचलली. “काका, हे वर ‘गोपनीय’ कशाला?”

“शिस्त असते, साहेब,” रंभाजी म्हणाले.

इस्त्रीच्या सदऱ्यापुढे आणि अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीपुढे कल्याणसरांनी हार मानली आणि प्रत परत टेबलावर ठेवली. मी ओरडायला हवं होतं. पण मला हँडल फिरल्याशिवाय आवाज करता येत नाही, आणि फिरल्यावर एकच आवाज करता येतो.

साठ प्रती निघाल्या. रंभाजींनी प्रत्येकीवर क्रमांक घातला. काउंटरचा आकडा वहीत लिहिला. मग ग्रंथालयामागे पत्र्याच्या डब्यात दोन्ही स्टेन्सिलं ठेवली आणि खिशातली काडेपेटी काढली. दुसऱ्या दिवशी ते एसटीने बोरदऱ्याला गेले, चौदा मुकादमांना प्रती वाटल्या, प्रत्येकाची वहीत सही घेतली आणि समाधानाने परत आले.

२५ तारखेला मॅडम आल्या. बसने दमल्या होत्या. “वाटल्या का प्रती?” एवढंच त्यांनी विचारलं. “सह्यांनिशी,” रंभाजी म्हणाले.

२६ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता पहिल्याच जीपने भीमाबाई आल्या. या वेळी त्या उंबऱ्यात थांबल्या नाहीत.

“म्याडम, असं काय लिवलंय ओ त्यात? आमच्या मुकादमानं कागद न वाचताच पेटीत घातलाय आन किल्ली करदोट्याला बांधलीया. मी म्हनलं वाचा की, तर म्हनत्यात, सही करून घेतलाय, गुपित हाय, बायकान्ला सांगायचं न्हाई.”

“गुपित?” मॅडमनी विचारलं.

“समद्यांचं तसंच. एकानं तर सातबाऱ्यात घडी घालून ठिवलाय. कुनी कुनाला दावीना. आन समद्यांच्या जूवर नवी ट्यूब. दुपारी चारला ट्रका निगत्यात.”

कल्याणसरांनी खणातून एक प्रत काढून मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी वरचा शब्द वाचला. मग वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, हे काय?”

रंभाजींनी प्रत हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. त्या शब्दाकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी टाइप केला होता.

“बोटांनी केलं गं,” ते म्हणाले. “मी नाही केलं.”

“स्टेन्सिल कुठंय? वरची ओळ बुजवून पुन्हा काढू.”

रंभाजींनी खिशावर हात ठेवला. काडेपेटी वाजली. मॅडमना काय ते कळलं.

कल्याणसर सायकलवर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आले. वीज नव्हती, पाचपर्यंत येणार नव्हती. मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा पाहून रंभाजी उठले आणि टाइपरायटरसमोर जाऊन बसले. सदऱ्याच्या बाह्या त्यांनी वर सारल्या. मी तीस वर्षं त्यांना ओळखत होते, पण बाह्या वर सारलेले रंभाजी मी पहिल्यांदाच पाहिले.

“दीपा, तू चित्र काढ. मजकूर मी करतो. वर काय लिहू ते सांग.”

“काहीच नको, बाबा.”

“मोकळं नको सोडू. माझी बोटं पुन्हा तेच लिहितील.”

मॅडमनी थोडा विचार केला. मग त्यांनी सांगितलं आणि रंभाजींनी एकेक अक्षर जपून टाइप केलं: ‘कोणीही वाचावे. कोणीही उतरवून घ्यावे. विकू नये.’

एक वाजता दोन्ही स्टेन्सिलं तयार झाली. बोरदऱ्याची जीप दाराशी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भीमाबाई म्हणाल्या, “हितं छापत बसलात तर ट्रका जात्याल. हिला हँडल हाय ना? मग हिलाच उचला.”

अशा रीतीने मी कागदांच्या दोन गठ्ठ्यांबरोबर जीपमध्ये बसले. रस्त्याला खड्डे पुष्कळ होते. रंभाजींनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, नातवाला धरावं तसं.

बोरदऱ्याच्या शाळेसमोर तीन ट्रक उभे होते. गाड्यांची चाकं सुटी करून वर चढवत होते. भांडी, कोंबड्या, कोयते, पोरं, सगळं एका मैदानात. शाळेच्या व्हरांड्यात टेबल आलं आणि मी त्यावर चढले. रंभाजींनी पहिली प्रत काढली आणि कानिफनाथांच्या हातात दिली. कानिफनाथांनी वरची ओळ वाचली, मग प्रत परत रंभाजींपुढे धरली.

“परवा म्हनलात गुपित हाय. आज म्हनता कुनीबी वाचा. आता खरं कोनतं धरायचं?”

मैदानातली माणसं जवळ आली. रंभाजी सरळ उभे राहिले.

“मुकादम, आजचं खरं. परवाची चूक माझी. मी आयुष्यभर ज्या हापिसात होतो, तिथं टाकी धुवायचा कागदसुद्धा गोपनीय असायचा. सवय गेली नाही.”

“टाकी धुवायची कसली गुपितं?” मागून कुणीतरी विचारलं.

“ते मलाही अजून कळलेलं नाही,” रंभाजी म्हणाले. सगळं मैदान हसलं.

पण कानिफनाथ हसले नाहीत. “मग माझी सही खोडा. गुपित ठिवतो म्हनून सही केलीया म्या. दिलेला शब्द हाय.”

रंभाजींनी वही उघडली आणि चौदाही सह्यांवर एकेक रेघ मारली. तेव्हा कुठे कानिफनाथांनी करदोट्याची किल्ली सोडली, मला जरा निरखून पाहिलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘एकतीस जोड्यांपैकी बावीस’ इथे आल्यावर ते थांबले. “ह्यात आपलं पाखऱ्या-नंद्या हाईत का?”

“आहेत. माझ्या वहीत पहिल्याच पानावर,” मॅडम म्हणाल्या.

कानिफनाथांनी कागद घडी करून खिशात घातला, आपल्या जूपाशी गेले आणि कमरेचा विळा काढून नवी कोरी ट्यूब कापून टाकली. भीमाबाईंनी नुसतं मॅडमकडे पाहून डोळे मिचकावले.

मग गर्दी झाली. रंभाजींच्या हाताला कळ लागली तसं भीमाबाईंनी हँडल घेतलं. “जात्यापरीस हलकं हाय की,” म्हणत त्यांनी जो वेग धरला, तसा कुणीही माझ्याकडून कधी घेतला नव्हता. कागद उडून शाळेच्या पायऱ्यांवर पडत होते. बाया ते पदराने वाळवत होत्या. १८७ वर माझा काउंटर खटकन अडकला. रंभाजींना ते दिसलं. त्यांचा हात सवयीने पुढे आला, थांबला आणि मागे गेला. “चालू द्या,” ते म्हणाले.

चार वाजता ट्रक निघाले, तेव्हा जूंवर गोणपाट होतं आणि मैदानात कापलेल्या रबराचा ढीग. मागे राहिलेल्या पोरांना त्या हिवाळ्यात गलोलीच्या रबराची टंचाई पडली नाही.

चैत्रात मॅडमनी पुन्हा टेप घेतली. बोरदऱ्याच्या सदतीस जोड्या परतल्या, त्यांपैकी नऊ जोड्यांना जखमा होत्या. नऊ म्हणजे शून्य नव्हे. पण पाखऱ्या आणि नंद्या त्यात नव्हते. मार्चमध्ये लेख ठरल्याप्रमाणे छापून आला. मग पोस्टकार्डं येऊ लागली: धारवाडहून, जबलपूरहून, एक तर आफ्रिकेतून. अंक आमच्याकडे येत नाही, कृपया प्रत पाठवा. कल्याणसर प्रत्येकाला उत्तर देत. मॅडमना १९९६ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्या वर्षापासून आमच्या कॉलेजातले बाकीचे प्राध्यापकही फॉर्मवर सही करण्यापूर्वी कल्याणसरांकडे येतात आणि ती एक ओळ मागून घेतात. ती आता सरांना तोंडपाठ आहे. काही संपादक होय म्हणतात, काही नाही म्हणतात. विचारायला मात्र आता कोणी लाजत नाही.

माझं म्हणाल तर, १९९७ मध्ये कॉलेजात संगणक आला आणि त्याच्याबरोबर त्याचा छपाई करणारा सोबती. माझ्यावर नकाशांच्या गुंडाळ्या ठेवल्या गेल्या. एका गांधीलमाशीने माझ्या शाईच्या तोंडाशी मातीचं घर बांधलं. रुळांचं रबर कडक झालं. तक्रार म्हणून हे सांगत नाही. घडलं तसं सांगते आहे.

पोळ्याच्या आधी मात्र माझ्यावरचे नकाशे उतरतात. रंभाजी भिंगारहून येतात, आता काठी घेऊन. बोट फिरवतात, बोट पाहतात, कल्याणसरांना बोलतात. बोरदऱ्याहून भीमाबाई येतात, हँडल त्यांचं असतं. कपाटातल्या उघड्या खणात, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलेली ती दोन स्टेन्सिलं निघतात. छपाई झाली की रंभाजी ती सोडवतात आणि त्यांचा हात खिशाकडे जातो. काडेपेटी वाजते. भीमाबाई तळहात पुढे करतात, काडेपेटी काढून घेतात आणि चहासाठी स्टो पेटवतात. स्टेन्सिलं दोरीवर वाळत राहतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझी एखादी बहीण कोपऱ्यात पडली असेल, तर तिच्यावरची धूळ पुसा, रुळांना दोन थेंब तेल द्या. शाई आत वाळू देऊ नका. आणि तुम्ही मोठे होऊन काही शोधून काढलंत, तर ज्यांच्याकडून ते शिकलात त्यांच्या हातात त्याची एक प्रत पडेल याची तजवीज सही करण्यापूर्वीच करा.

मी आयुष्यभर आकडे नेमके ठेवले. भिंगारला किती हुकूम छापले, तेही सांगू शकेन. पण बोरदऱ्याच्या त्या कागदाच्या आजवर किती प्रती निघाल्या, हे मला माहीत नाही. काउंटर अजून १८७ वरच आहे. रंभाजींना तो दुरुस्त करता येतो. दर वर्षी ते त्याच्याकडे पाहतात, आणि तेल दुसरीकडेच घालतात.